ओपलची पसंती

अलाबामातल्या त्या दुकानात सैन्याने मोडीत काढलेल्या जुन्या रायफली मिळतात. रांगेत माझ्यापुढे वेंडेल आणि त्याची बायको ओपल एकेक रायफल धरून वाद घालत होती.

"ओपल, ठेव ती. चिठ्ठीवर सगळ्यात खालचा दर्जा लिहिलाय."

"दस्त्याला खड्डे पडलेत म्हणून. मला काय दस्त्याने ताक घुसळायचंय?"

"ही बघ, अक्रोडाचं लाकूड कसं चकाकतंय!"

"लाकूड नवं बसवलंय, वेंडेल. नळी जुनीच आहे. ही नमुन्याची गोळी तिच्या तोंडात घाल बरं."

"घातली."

"पार पितळी पुंगळीपर्यंत बुडाली ना? शिपायांनी साफ करताना तोंडाकडून सळई घालून घालून नळी झिजवलीय. आता माझीत घाल."

"हं... हिच्यात बरीच बाहेर राहते."

"मग शनिवारच्या नेमबाजीच्या सामन्याला मी हीच नेणार."

"अगं, असलं ध्यान घेऊन?"

"गेल्या वर्षी तुझ्या पसंतीची चकचकीत नेली आणि शेवटून पहिली आले. यंदा माझी पसंती."

"सगळा क्लब हसेल, ओपल."

"हसू दे. फक्त हसताना निशाणाच्या पाटीशेजारी उभे राहा म्हणावं, माझी गोळी मधोमध लागताना नीट दिसेल."