वर्नाचं पुडिंग

बाप्टिस्ट चर्चच्या तळघरात जेवणाची रांग लागली होती. आज पहिलंच प्रवचन दिलेल्या पाद्री हॉलिसना नेमायचं की परत पाठवायचं, जेवणानंतर यावर मंडळी हात वर करून मत देणार होती. रांगेतल्या दोघी म्हाताऱ्यांना हॉलिस आपल्या मागेच उभे असल्याचं ठाऊक नव्हतं.

“प्रवचन फार लांबलं गं, ओपल.”

“ते राहू दे. वर्नाचं केळ्याचं पुडिंग खातो का, ते बघू.”

“नवरा गेल्यापासून साखर घालायची विसरते ती. कोण खाईल?”

“म्हणूनच तर. आधीचे पाद्री बोटभर चाखून पुढे सरकायचे. बिचारी भरलं भांडं घरी न्यायची.”

“आणि यानंही नाही घेतलं तर?”

“मग प्रवचन लांबलं.”

हॉलिस खाकरले. ओपल दचकून वळली.

“अगंबाई, पास्टर! दुसऱ्यांदा रांगेत?”

“वर्नाबाई म्हणाल्या, पुडिंग अजून घ्या. नाही म्हणवेना.”

ओपलनं त्यांचं पुडिंगनं माखलेलं ताट पाहिलं आणि मैत्रिणीला कोपर मारलं.

“कुठं लांबलं होतं गं प्रवचन?”