चार नंबरचं पुस्तक

...आणि तरी मी बोललोच. नाही, तुम्हीच सांगा, गप्प बसायला मला काय हरकत होती? खासबागेत पद्मजाबाईंच्या हॉलमध्ये आमचं विज्ञानकथा मंडळ जमलेलं, पुढ्यात पोहे, पुरस्कारासाठी पाच कादंबऱ्या. आमची पद्धत अशी की पुस्तकांना वर्तमानपत्राचं कव्हर घालायचं, लेखकाचं नाव चिकटपट्टीनं झाकायचं, वर नुसता नंबर. ओळखीपाळखीचं मत नको. सभासदाचं पुस्तकही चालतं. तर त्यातलं चार नंबरचं... माझं होतं. टोपणनावानं छापलेलं, पत्ता निपाणीच्या धाकट्या बहिणीचा, जयाचा. बारा वर्षं लिहीत होतो हो. मी कोण हे ठाऊक नसताना कुणीतरी चांगलं म्हणावं, एवढंच.

आणि म्हणाले! सांबऱ्याचा रवळू, शेती सांभाळून विमानतळावर नोकरी करतो, तो पहिलाच उठला. "चार नंबर लई भारी हाय. कणकुंबीच्या रानात यान उतरतंय, त्यातला पाव्हणा प्यायला पाणी मागतोय, आणि तलाठी म्हणतोय, आधी अर्ज आण, दोन फोटो लाव. गोठ्यात बसून वाचत हुतो, हसलो तशी म्हस बिचकली." बँकेतली तेजस्वी म्हणाली, "मला तर शेवटी रडू आलं, सर." रडू! माझे कान तापले. पद्मजाबाई म्हणाल्या, "मग एकमतानं चार नंबर धरायचा?"

झालं होतं की हो सगळं. गप्प बसायला काय हरकत होती?

पण चाळीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलेला माणूस मी, आणि पान एकशे बारावर एक चूक आहे, छापून आल्यावर दिसलेली, तेव्हापासून झोप नाही. मनात आलं, यांना ती दिसली नाही म्हणून हे कौतुक करतायत... मग हे कौतुक माझं कसं? म्हटलं, "एक शंका आहे. एवढ्या वेगातलं यान ज्या क्षणभरात थांबवलंय, तेवढ्यात आतल्या पाहुण्याचा लगदा होईल."

रवळू बिचारा लढला. "पाव्हणाच हाय न्हवं सर, त्याची हाडं कशी असत्यात कुणाला ठावं?"

किती सुंदर उत्तर! मला बारा वर्षांत सुचलं नव्हतं. तिथं तरी गप्प बसायला काय हरकत होती? पण मी म्हटलं, "पान चाळीसवर साध्या दगडाला अडखळून त्याचा पाय मोडतो." मग कागद मागितला, आकडे मांडले, वीस मिनिटं बोललो. आयुष्यात इतकं चांगलं शिकवलं नसेल. तेजस्वीनं तर वहीत उतरवून घेतलं.

हात वर झाले. चार नंबरला एकच, रवळूचा. माझा? दोन नंबरला. तत्त्व म्हणून.

आणि वर पद्मजाबाई म्हणाल्या, "सर, त्या लेखकाला मंडळातर्फे अभिप्राय तुम्हीच लिहा, एवढा अभ्यास कुणाचा आहे?" लिहिला. टाईप करून, चार पानं, खाली नुसता मंडळाचा शिक्का, निपाणीच्या पत्त्यावर.

बुधवारी जयाचा फोन. "अण्णा, तुझ्या पुस्तकावर कुणीतरी चार पानं खरडल्यात. काय जळतोय मेला. तू मनाला लावून घेऊ नकोस, फाडून टाकते."

मी म्हटलं, "फाडू नको गं. माणसाचा मुद्दा बरोबर आहे."