रंग माझा, पॉलिश तिचं

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार.

माइक जरा खाली करता का? आणखी थोडा. हं, बस.

मला बोलायचं नव्हतं. रशीदभाई, तुम्ही मला कालपासून तीनदा म्हणालात, "बाजी, तुम्हालाच बोलावं लागेल." म्हणून उभी राहिले. माझा आवाज मध्येच थांबला तर थोडं थांबा. मी परत सुरू करीन.

मी सुमन. नसरीनची शाळेपासूनची मैत्रीण. तुमच्यापैकी पुष्कळांच्या खिशाला आमचं लाकडी पेन आहे. त्याचा रंग माझा आणि पॉलिश तिचं. इतकी वर्षं आमची वाटणी हीच होती.

कॉन्व्हेंटमध्ये आम्ही एका बाकावर बसायचो. प्रार्थना झाली की सिस्टर रांगेतून फिरायच्या. "बोटं दाखवा." सगळ्यांची बोटं स्वच्छ असायची. नसरीनची निळी. रोज निळी. सिस्टर तिला नळावर पाठवायच्या आणि ती परत यायची ती ओल्या, निळ्याच बोटांनी. मला म्हणायची, "शाई न्हाई निघत गं. मंग मी काय करू, बोटंच काढून ठेवू?"

अशी ती.

लग्न होऊन ती ज्या घरात गेली तिथं खराद होती. लाकूड गरगर फिरवून कातायचं यंत्र. तिचे सासरे, अब्बा, त्यावर खाटांचे पाय काढायचे, लाटणी काढायचे. अब्बांचे डोळे अधू झाले आणि खराद बंद पडली. ती नसरीननं परत चालू केली. सुनेनं खरादीवर बसायचं, हे घरात कुणाला पटलं नव्हतं. अब्बा नुसते ओट्यावर बसून आवाज ऐकायचे. आवाजावरून सांगायचे, "बेटा, पटाशी का कोना गलत है." पण उठ म्हणाले नाहीत.

तिच्या पेनांचं वेड मला लागलं ते तिथं. ती फिकट लाकडाचं पेन कातायची, आत रिफिलचं भोक पाडायची. मी पाण्यात कालवलेला रंग द्यायची. तो वाळला की ती लाखेचं पॉलिश चढवायची.

आता मला ते दोन दिवस सांगायचे आहेत. कारण नसरीन कोण होती, हे मला त्या दोन दिवसांत कळलं.

नसरीनचे धाकटे दीर, आपले रशीदभाई, तेव्हा आष्टीला दुकान टाकत होते. त्यांना खराद हवी होती. त्यांचंही बरोबर होतं. बापाचं हत्यार, धंदा धाकट्या मुलाचा. अब्बांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "शाळेनं शिक्षकदिनाला पेनं मागितलीत. ते काम बराबर उतरलं तर खराद इथंच. बिघडलं तर रशीद टेम्पो आणील."  नसरीन बाहेर येऊन मला म्हणाली, "सुमन, खराद गेली तर मी करू काय? पोळ्या?"

मंडळी, त्या वर्षी पाऊस थांबायला तयार नव्हता. पाण्याचा रंग वाळेना. त्यात पाण्यानं लाकडाचे रेशे उभे राहतात, ते परत घासावे लागतात. दिवस हातातून चाललेले. नसरीन बाजारातून स्पिरिटात विरघळणारा लाल रंग घेऊन आली. "बघ, फुंकर मारेपर्यंत वाळतो. रेशे उठायचं नाव न्हाई." आणि खरंच, काय सुंदर रंग चढला! डाळिंबाच्या दाण्यासारखा. आम्ही दोघींनी नाचायचंच बाकी होतं.

मग तिनं पॉलिशचा बोळा फिरवला.

बोळा लाल झाला. दुसरं पेन घेतलं. बोळा आणखी लाल. पेनावर नुसते डाग. लाखसुद्धा स्पिरिटातच विरघळवलेली असते. पॉलिश चढता चढता खालचा रंग उचलत होतं. आम्हाला कळलं तोवर अर्धी पेनं गेली होती.

"वरून दुसरं काहीतरी मारू," ती म्हणाली. मी म्हटलं, "आधी हे वाळू दे." ती म्हणाली, "तुला वेळ आहे. मला न्हाई." तिचे यजमान एमआयडीसीत कामाला होते. त्यांनी तिथल्या पेंटरकडून गाड्यांना मारायचा लॅकर आणून दिला. तिनं तो फवारला. खालची लाख अजून ओलसर होती. आमच्या डोळ्यांदेखत पॉलिश सुरकुतलं. दुधावरची साय बोटानं सरकवावी, तसं.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही. भांडायलाही जोर नव्हता.

आणि दारात टेम्पो उभा राहिला. रशीदभाई, हसू नका. एक दिवस आधीच आला होतात तुम्ही. आत येऊन तुम्ही ताटातलं एक पेन उचललं, ते बोटाला चिकटलं. तुम्ही म्हणालात, "भाभी, ये पेन है के आम का अचार?"

मला वाटलं, आता ही रडणार. नसरीननं ते पेन त्यांच्या बोटापासून सोडवलं, खरादीवर चढवलं आणि पटाशी लावली. लॅकर, लाख, रंग, सगळं सोलून काढलं. पांढरं लाकूड दिसेपर्यंत. नुसतं वरवर घासून चालणार नव्हतं. रेशांत मुरलेला रंग परत वर आला असता. आणि जास्त कातलं तर आतल्या भोकापर्यंत जाऊन पेन चिरणार. दोन-तीन चिरलीही. दरवेळी तो टक् आवाज आला की ओट्यावरून अब्बांचा खोकला थांबायचा.

तेवढ्यात लाईट गेली.

खराद थांबली.  मोटार येण्याआधी त्या खरादीला चामड्याचा पट्टा होता, एकानं ओढायचा आणि दुसऱ्यानं कातायचं. पट्टा अजून खिळ्याला लटकत होता. नसरीननं तो काढला आणि रशीदभाईंच्या पुढे धरला. म्हणाली, "लहानपणी अब्बांपाशी तुम्हीच ओढत होते ना? मंग ओढा."

दिराला! न्यायला आलेल्या माणसाला!

रशीदभाईंनी टेम्पोकडे बघितलं, अब्बांकडे बघितलं. मग शर्टाच्या बाह्या वर केल्या.

ते ओढत राहिले, ती कातत राहिली. मी परत पाण्याचा रंग घेतला. शेगडी पेटवून तिच्या उबेवर पेनं वाळवली, पॉलिशची बाटली पार अंगणाच्या टोकाला ठेवून. पूर्ण वाळलेल्या पाण्याच्या रंगावर तिनं लाख चढवली. पातळ हात, वर आणखी पातळ हात. प्रत्येक वेळी ती बोळा उलटून मला दाखवायची. बोळा स्वच्छ. परत दाखवायची. स्वच्छ.

शेवटचं पेन उतरलं तेव्हा अब्बा ओट्यावरून म्हणाले, "रशीद, पट्टा ढीला है. कस के जा."

एवढंच. खराद राहिली. टेम्पो रिकामा गेला.

शाळेच्या बाईंनो, त्या वर्षीची पेनं बारीक होती, आठवतं? तुम्ही म्हणालात, "खास लेडीज पेन केलीत वाटतं!" नसरीन म्हणाली, "हो ना, मुद्दाम."

हे माझ्या हातातलं पेन गेल्या आठवड्यातलं. तिनं कातलं, मी लाल रंग दिला आणि तिच्या खिडकीत वाळत ठेवलं. "उद्या पॉलिश मारते," म्हणाली. तो उद्या आला नाही. रशीदभाई काल म्हणाले, "बाजी, तुम्हीच मारून टाका." मला पॉलिश मारता येतं. पण मी मारणार नाही. ते काम तिचं आहे.

आता आपण दोन मिनिटं शांत उभे राहू या. तोवर हे पेन हातोहात मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. वर पॉलिश नाही, घामाच्या हाताला रंग लागेल. लागू द्या. घरी गेल्या गेल्या नळाखाली हात धरू नका. सिस्टर आज असत्या आणि म्हणाल्या असत्या, बोटं दाखवा, तर एकट्या नसरीनला नळावर जावं लागलं नसतं.

रशीदभाई, पहिल्यांदा तुम्ही घ्या.

उठू या.