दसऱ्याचं पिस्तूल

पिस्तूल घ्यायचंच असेल तर जुनं घेऊ नका, आणि घेतलंत तर आईला दाखवू नका. मी एका निवृत्त मेजरकडून घेतलं, रीतसर परवान्यावर. रायफल क्लबात पहिला बार नीट व्हायचा. मग रिकामं काडतूस अर्धवट बाहेर येऊन अडकायचं आणि पुढची गोळी वर चढायचीच नाही. मॅगझिन बदललं, स्प्रिंग बदलली, गोळ्याही बदलल्या. वर्ष गेलं, कंटाळून गेलो.

शेवटी पाणीगेटच्या एका गुजराती कारागिराने ते सगळं खोललं. रिकामं काडतूस ओढून काढणारा आकडा असतो ना, त्याच्याखाली चिमटा घालून त्याने तांदळाची कणी बाहेर काढली. कुंकवाने लाल, तुपाने चिकट.

"साहेब, आ शुं छे?"

आमच्याकडे दसऱ्याला शस्त्रपूजा असते.

घरी येऊन म्हटलं, "आई, अगं, तुझ्या अक्षतांनी पिस्तूल अडकतंय."

आई पापडी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "माहीत आहे. मुद्दामच आतपर्यंत वाहिल्या. साध्या रिक्षावाल्याच्या अंगावर कसा धावून जातोस, ते रोज बघते मी. अडकतंय तेच बरं."