नव्या गाड्यांमधला ट्रक

कॉलेज रोडला माझा सायबर कॅफे होता ना, तेव्हाचं सांगतो. पोरांच्या लाडक्या रेसिंग गेमचं अपडेट आलं, सहा नव्या गाड्यांचं. पोरं तुटून पडली. पाच गाड्या एकदम झकास, सहावा निघाला ट्रक!

"एवढी वाट बघितली आणि हे दिलं? हा कोण चालवणार?" एकजण वैतागला.

"मी चालवतो," मागून आवाज आला. माझा मावसभाऊ, दिलीपदादा. पिंपळगावहून मुंबईला द्राक्षांची गाडी न्यायचा. एकदा कसारा घाटात गाडी उलटली होती. त्याला फारसं लागलं नाही, पण तेव्हापासून आठ महिने त्याने स्टेअरिंगला हात लावला नव्हता. घरी करमत नाही म्हणून माझ्याकडे येऊन बसायचा.

मी त्याला बटणं दाखवली. गेममध्येही नेमका घाटच निघाला. पोरं मागे उभी राहून हसत होती. दादाचं तिकडे लक्षच नव्हतं. प्रत्येक वळणाला टेबलाखाली त्याचा पाय ब्रेक दाबत होता. कपाळावर घाम बघून मी म्हटलं, "दादा, राहू दे आता."

"थांब रे, उतार संपू दे."

ट्रक सगळ्यात शेवटी पोचला, पण कुठेही न आपटता पोचला. पोरांचं हसणं थांबलं होतं.

"काका, हरलात की," एकजण हळूच म्हणाला.

"हरलो कसला? माल शाबूत हाय ना?" दादा म्हणाला. मग माझ्या टेबलावरचा फोन ओढून त्याने नंबर फिरवला. "शेठ, दिलीप बोलतोय. उद्या मुंबईची गाडी मी काढतो."