भोंगा वाजला की सात

सकाळी बरोबर सात वाजून दहा मिनिटांनी खुद्द मालक कारखान्याच्या गेटावर घड्याळ बघत उभा, आणि आमचा दादा कुठे? घरी! तोंडात कंगवा धरून लेकीची वेणी घालतोय!

तुम्हाला सांगते, माझा हा थोरला भाऊ साबणाच्या कारखान्यात भोंगा वाजवतो. भोंगा झाला की गेट बंद, मागून येणाऱ्याचा अख्ख्या दिवसाचा खाडा! सुपरवायझरचा कायदाच तसा. कुणी मोबाईल दाखवला तर खेकसायचा, "तुझं घड्याळ घरी ठेव! इथे भोंगा वाजला की सात!"

आता वहिनी गेल्यापासून घरात बाप-लेक दोघंच. पोरगी रुसणार, बूट उलटे घालणार, "बाबा, भांग वाकडा!" म्हणून सगळे केस सोडणार... मी बाई असून एका पोरामागे माझी दमछाक, तो तर एकटा बाप! पण एक बरं, तो पोचल्याशिवाय भोंगा नाही, आणि भोंग्याशिवाय कुणाला उशीर नाही! सुपरवायझरसुद्धा समोरच्या हॉटेलात चहा ढोसत भोंग्याचीच वाट बघायचा. का? भोंगा वाजला की सात!

तर आज आम्ही पॅकिंगच्या बायका रमतगमत आलो, बघते तर मालक! दादाची नोकरी गेली तर पोरीला घेऊन जाणार कुठे हो तो? तेवढ्यात आलाच... खांद्यावर लेक, तिची एक वेणी घातलेली, दुसरी मोकळी. सुपरवायझर हॉटेलातून पळत येऊन ओरडला, "अरे, वाजले किती?"

दादा घामाघूम, पण बोलला! "साहेब, तुम्हीच सांगता ना, भोंगा वाजला की सात. अजून वाजवायचाय."

मालक बघतोय सुपरवायझरकडे, सुपरवायझर बघतोय बुटांकडे... मी एवढी भित्री, पण कुठून बळ आलं देव जाणे! म्हटलं, "मालक, पूर्वी या गेटाबाहेर रोज लेकुरवाळ्या बायका रडत उभ्या असायच्या. आता एक तरी खाडा आहे का? माल कमी निघतोय का?" आणि मागून सगळ्याजणी एका सुरात, "भोंगा वाजला की सात!"

मालकाला हसू आवरेना. "बरं बाबांनो, उद्यापासून सव्वासातची पाळी. पण भोंगा तेवढा वेळेवर दे रे!"

जिंकलो की हो! दादानं असा काही भोंगा दिला, गल्लीतली कुत्री पळत सुटली.

पण झालंय काय... पंधरा मिनिटं वाढली म्हटल्यावर पोरगी म्हणते, "बाबा, आता चार वेण्या!"

तेव्हा एवढं करा बाई, पलीकडच्या गल्लीतही सांगून ठेवा. उद्या सव्वासातला भोंगा नाही झाला तर उगीच धावू नका. चौथी वेणी चालू असेल.