छान आहे, पण

—नाही नाही, उठू नका, माझं अजून झालेलं नाही. बसा. ती खुर्ची डुगडुगते, भिंतीला टेकवून बसा— हां. तर काय म्हणत होतो, तुमच्या गेमचे रंग आवडले मला. आधी चांगलं सांगायचं, मग खटकलेलं, मग शेवटी पुन्हा एक चांगलं— विधायक अभिप्राय म्हणतात याला. कंपनीत कर्मचारी विभागात होतो ना मी, रीतसर प्रशिक्षण घेतलंय. समोरच्याला वाईट वाटता कामा नये आणि त्यानं पुन्हा विचारायलाही येता कामा नये— म्हणजे हे दुसरं शिकवत नाहीत, ते अनुभवानं येतं. लेक म्हणाली, "बाबा, दोन दिवसांत कॉम्प्युटरवरचा गेम बनवायची स्पर्धा होती, त्यात आम्ही दोघांनी मिळून हा केलाय. खेळून ठेवा, आणि तो घरी आला की काय वाटलं ते सांगा." आता लग्नाचं विचारायला आलेल्या माणसाशी गेमवर काय बोलायचं? पण म्हटलं, असू दे. माणूस कामावरून कळतो.

तर पहिलं म्हणजे, आपण कोण आहोत ते सुरुवातीलाच नीट सांगा हो. मध्ये घर, भोवती बुरुज, बुरुजांना तोंडं— मी आपला बुरुजांच्या बाजूनं बसलो. कोणी आलं की अडवायचं, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. डोळ्यांत तेल घालून बसलो— आणि कोणी येईना. मला वाटलं, काय दरारा आहे आपला. तेवढ्यात वेळ संपली आणि पडद्यावर आलं, 'तुम्ही हरलात'. अहो, कोणी फिरकलंच नाही तर मी हरलो कसा? मग लेकीनं सांगितलं, बाबा, हा उलटा आहे, यात आपण येणारे. ती छोटी छोटी माणसं आपण पाठवायची, बुरुज आपले नव्हेत. आता हे माझ्यासारख्याला कसं सुचायचं? मी आपला आयुष्यभर अडवणाऱ्यांच्या बाजूला.

बरं, बुरुज तोफगोळे टाकतील म्हणावं, तर तेही नाही— बोलतात. ते छोटं माणूस बिचारं हातात काहीतरी घेऊन तुरुतुरु येतं, आणि पहिला बुरुज म्हणतो, 'छान आहे, पण बूट बघ तुझे.' माणूस निम्मं होतं. दुसरा म्हणतो, 'हुशार आहेस, पण आवाज बसका आहे.' झालं, फिरलं मागे. आता तुम्हीच सांगा, असं कोण बोलतं? चार लोकांत वावरलेला माणूस असं बोलतो का कुठे? अजिबात पटत नाही. त्यापेक्षा गोळे ठेवा, गोळे खरे वाटतात— आत कोण हसलं? तीच असेल. स्वयंपाकघरात इथलं सगळं ऐकू जातं, मधली भिंत नावाला आहे.

माझंच घ्या. तुमच्या आधी तिघे येऊन गेले, याच खुर्चीत बसले. पहिला तर दातांचा डॉक्टर. मी म्हटलं, हात स्थिर आहेत, छान, पण आवाज जरा बसका आहे, पेशंटला धीर कसा येणार? पुन्हा आला नाही. पण मी एकालाही नाही म्हटलेलं नाही, हं. विचारा तिला. नुसता अभिप्राय दिला. गेले ते आपल्या पायांनी गेले. तिला म्हटलंसुद्धा, बघ, टिकणारा असता तर टिकला असता. त्यावर ती ताट उचलून आत गेली. महिनाभर बोलणं बंद. एका टेबलावर जेवायचो आम्ही, आणि मीठ हवं असलं तर मी उठून घ्यायचो. आता तुमच्या वेळी म्हणाली, बाबा, हा शेवटचा, याला परत पाठवलंत तर मी पुन्हा कोणाला आणणार नाही. छत्तिशी उलटली तिची. मला काय वाईट वाटणार नाही? वाटेलच की. पण तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, संध्याकाळी दारात तिची किल्ली वाजली की मगच मला जेवण जातं— जाऊ द्या, हे गेमबद्दल नाही.

गेमबद्दल सांगायचं तर, ती बुरुजांची वाक्यं फार कच्ची आहेत. कोणी लिहिली? तुम्ही? ...मग? तुमची नुसती चालणारी माणसं, आणि बुरुज— तिचे? सगळे? ती वाक्यंही तिचीच? 'आवाज बसका'...

हं. ऐकू जातं आत, मघाशी म्हटलंच मी.

बरं, मला एक सांगा. मी एवढे डाव खेळलो, पण एकदाही त्या घराच्या दारापर्यंत पोचलो नाही. घोळक्यानं पाठवली माणसं, पळवत पाठवली, मागच्या अंगानं पाठवली. हात टेकले. जिंकायचं कसं यात? ...एकच पाठवायचा. आणि? ...'पण' आला तरी मागे न्यायचा नाही. बुरुजासमोर नुसता उभा ठेवायचा? मग तो बुरुज बोलतच राहणार की. ...आणि बोलून बोलून त्याच्याकडचं संपतं? आणि मग काय होतं? ...काहीच नाही. जाऊ देतो. एवढंच?

तुम्ही कधीचे बसलायत इथे? चहा पार गार झाला तुमचा. मघापासून एका शब्दानं उलट बोलला नाहीत, मी समजत होतो भित्रा आहे पोरगा. तेच शेवटी सांगायचं ठरवलं होतं मी, वाक्य तयार होतं, मुलगा शांत आहे, छान आहे, पण—

पण...

नाही. काही सुचत नाही मला. जा तू आत. मी बसतो इथे जरा. तिला म्हणावं, बाबांचं बोलून झालं.